गालाच्या अस्तराने मूत्रनलिकेची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केसपेपरवर ‘बीएमजी युरेथ्रोप्लास्टी’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घरी गेल्यावर प्रश्न सुरू होतात. लघवीच्या आजाराला तोंडाचं ऑपरेशन कशाला? बीएमजी म्हणजे बक्कल म्युकोझा ग्राफ्ट, गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा. तो वापरून अरुंद झालेली मूत्रनलिका पुन्हा रुंद करतात. खालची माहिती मुख्यतः प्रौढ पुरुषांसाठी आहे. स्त्रियांबद्दल शेवटाकडे वेगळा प्रश्न घेतला आहे.

स्ट्रिक्चर (मूत्रनलिका आवळणं) होतं म्हणजे नेमकं काय होतं?

पुरुषांची मूत्रनलिका साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असते. मूत्राशयातून निघाल्यावर ती प्रोस्टेटमधून आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूमधून जाते, मग अंडकोशाच्या मागून वळसा घेते (हा बल्बर भाग) आणि शेवटी शिश्नातून बाहेर येते (हा पेनाइल भाग). पुढच्या या दोन भागांत नळीभोवती रक्ताने भरलेलं स्पंजासारखं आवरण असतं. अस्तराला इजा झाली की भेगेतून लघवी या आवरणात झिरपते, तिथे व्रण तयार होतो आणि व्रण आकसत जातो. नळी बाहेरून दाबली जात नाही, तिची भिंतच कडक होऊन आवळते. त्यामुळे कुठल्याही गोळीने स्ट्रिक्चर सुटत नाही.

नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. निरोगी प्रौढ नळी २४ फ्रेंचच्या आसपास असते. ती १० फ्रेंचच्या जवळ येईपर्यंत धारेत फारसा फरक जाणवत नाही. त्रास अचानक सुरू झाल्यासारखा वाटतो तो यामुळेच; व्रण मात्र कितीतरी आधीपासून वाढत असतो.

धार बारीक झाली म्हणजे प्रोस्टेटच ना?

पन्नाशीच्या आतला माणूस असेल तर आधी स्ट्रिक्चरचा विचार करायला हवा. साठीनंतर प्रोस्टेट जास्त संभवतो, पण दोन्ही एकत्रही असू शकतात. फरक युरोफ्लोच्या (लघवीच्या धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीच्या) आलेखात दिसतो. स्ट्रिक्चरमध्ये धार थोडी वर चढते आणि मग बराच वेळ एकाच पातळीवर सपाट चालते, डबा उपडा ठेवावा तसा आलेख येतो. या तपासणीत किमान १५० मिलिलिटर लघवी व्हायला हवी, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. घरी ओळखण्याच्या खुणा अशा: धार फाटणे किंवा दोन धारा येणे, जोर लावावा लागणे, लघवीनंतर कपड्यात थेंब पडणे, वारंवार जंतुसंसर्ग, आणि शेवटी लघवी पूर्ण तुंबणे.

प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षभर घेऊन काहीच फरक पडला नसेल तर गोळी बदलून मागण्याआधी मूत्रनलिकेचा एक्स-रे मागा.

हे होतं कशामुळे?

आज आपल्याकडे मोठा वाटा उपचारांतून झालेल्या इजेचा आहे: जबरदस्तीने घातलेला कॅथेटर, कॅथेटरचा फुगा मूत्राशयात पोहोचण्याआधीच नळीत फुगवणं, दुर्बिणीतून केलेलं प्रोस्टेटचं ऑपरेशन. सायकलच्या दांड्यावर किंवा विहिरीच्या कठड्यावर पाय फाकून पडल्यावर बल्बर भाग हाडावर चिरडतो. तो त्रास काही महिन्यांनी किंवा वर्षांनी डोकं वर काढतो. लहानपणी हायपोस्पेडियसची (लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असण्याची) ऑपरेशनं झालेल्यांमध्येही पुढे नळी आवळते. परमा म्हणजे गनोरिया हे जुनं कारण होतं, आता कमी दिसतं. काही वेळा कारण सापडतच नाही.

लायकेन स्क्लेरोसस हे कारण मात्र नीट ओळखायला हवं. शिश्नाच्या टोकावर पांढरे डाग पडतात, कातडी कडक होते, मागे सरत नाही, छिद्र बारीक होतं. हा आजार छिद्रापासून मागे सरकत जातो आणि अख्खी पुढची नळी व्यापू शकतो. तो कातडीचा आजार असल्यामुळे दुरुस्तीला जननेंद्रियाची कातडी वापरली तर त्या कातडीतही तो पुन्हा उमटतो. अशा रुग्णाला तोंडातलं अस्तरच लागतं.

दुर्बिणीतून कापून नळी मोकळी केली होती, पुन्हा आवळली. अजून एकदा करून बघू का?

बल्बर भागातलं, एकच, दोन सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचं आणि पहिल्यांदाच झालेलं स्ट्रिक्चर असेल तर दुर्बिणीतून कापणं (ऑप्टिकल युरेथ्रोटॉमी) किंवा सळईने रुंद करणं हा रास्त पहिला प्रयत्न आहे. तो फसला तर दुसऱ्यांदा फसण्याची शक्यता बरीच वाढते, आणि तिसऱ्यांदा कापण्यात कायमचं बरं होण्याची आशा जवळपास नसते. पेनाइल भागात तर पहिल्यांदाही याचा फार उपयोग होत नाही.

आमचं याबाबत ठाम मत आहे. दर सहा महिन्यांनी कापत राहणं हा स्वस्त पर्याय वाटतो, पण प्रत्येक काप नवा व्रण सोडतो. दोन सेंटिमीटरचं स्ट्रिक्चर वाढत वाढत पाच-सहा सेंटिमीटरचं होतं, आणि एका छोट्या तुकड्यात भागलं असतं तिथे दोन्ही गाल लागतात. ज्यांना मोठी भूल झेपणार नाही किंवा मोठं ऑपरेशन नकोच आहे, त्यांनी शिकवल्याप्रमाणे स्वतः नळी घालून रस्ता उघडा ठेवणं हा पर्याय आहे. तो कायमचा इलाज नाही, हे समजून घ्यावा.

गालाचंच अस्तर का? मांडीची कातडी का नाही?

कातडीला ओलावा सोसत नाही. सतत लघवीत भिजली की ती सुजते, केसाळ भागातली असेल तर नळीत केस वाढून त्यांवर खडे धरतात. गालाचं अस्तर जन्मापासून ओल्या आणि जंतूंनी भरलेल्या जागेत राहिलेलं असतं. त्याचा वरचा थर जाड, चिवट आणि बिनकेसाचा असतो. त्याखालचा थर पातळ असतो आणि त्यात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. जाड वरचा थर हाताळणी आणि टाके सोसतो, पातळ खालचा थर नव्या जागी रक्त लवकर घेतो. काढलेल्या जागेचा व्रण तोंडात लपतो.

कल्पना जुनी आहे. कीव्हमध्ये सापेझ्को यांनी १८९० च्या दशकात तोंडाचं अस्तर मूत्रनलिकेसाठी वापरलं होतं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये हंबी यांनी हायपोस्पेडियससाठी ते वापरलं. नंतर पद्धत मागे पडली आणि १९९० च्या दशकात पुन्हा उचलली गेली. १९९६ मध्ये इटलीत बार्बाली यांनी हा तुकडा नळीच्या वरच्या बाजूला बसवण्याची रीत मांडली. पुढे या तंत्रात भारताचा वाटा मोठा राहिला: आग्र्याचे हरी असोपा यांची पद्धत २००१ मध्ये, आणि पुण्याचे संजय कुलकर्णी यांची एका बाजूने नळी सोडवण्याची पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही आज जगभर त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात.

मी तंबाखू खातो. ऑपरेशन होणार नाही का?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण ऑपरेशनचा कच्चा माल तुमच्या तोंडात आहे.

गुटखा, मावा, खर्रा, सुपारी, गालात धरलेली तंबाखूची गोळी, दातांना लावलेली मिशरी, हे सगळं नेमकं त्याच अस्तरावर बसतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय गेलेली नाही. सुपारीमुळे अस्तराखाली तंतू वाढतात, गाल पांढुरका आणि टणक होतो, तोंड उघडेनासं होतं. हा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. असं अस्तर काढायला अवघड, कडक आणि रक्त कमी असलेलं असतं. बसवलं तरी नीट धरत नाही. शिवाय हा आजार आणि तोंडातला पांढरा चट्टा (ल्युकोप्लाकिया) या दोन्ही कर्करोगापूर्वीच्या अवस्था आहेत. संशयित भागातून ग्राफ्ट घेत नाहीत. आधी त्याची तपासणी, गरज पडल्यास बायोप्सी होते.

घरची चाचणी सोपी आहे. स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, समोरच्या दातांमधून आत जायला हवीत. दोनच जात असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. भूल देणाऱ्यांनाही ते माहीत असणं तितकंच गरजेचं आहे.

एका बाजूलाच तंबाखू धरायची सवय असेल तर दुसऱ्या गालाचं अस्तर चांगलं असू शकतं. दोन्ही गाल खराब असतील तर जिभेच्या खालच्या-कडेच्या भागातलं किंवा खालच्या ओठाच्या आतलं अस्तर तपासतात. जिभेचा तुकडा चांगला चालतो, पण काही दिवस बोलणं जड होतं. शिक्षक, कीर्तनकार, गायक अशांनी हे आधी बोलून घ्यावं. ओठाच्या आतला भाग शक्यतो टाळतात, कारण बधिरपणा आणि ओढ जास्त काळ राहते. तंबाखू ठरवलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी बंद करून भागत नाही. ती काही आठवडे आधी सोडली तर अस्तर सुधारायला वेळ मिळतो, आणि पुन्हा धरली तर गालाची जखम आणि ग्राफ्ट दोन्ही बिघडतात. बिडी-सिगारेटलाही हेच लागू आहे, कारण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्टला जगायला त्याच लागतात.

ऑपरेशनआधी कोणत्या तपासण्या लागतात?

लघवीची तपासणी आणि कल्चर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी), मूत्राशयात उरलेल्या लघवीसह सोनोग्राफी, युरोफ्लो. कल्चरमध्ये जंतू निघाले तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग तारीख.

खरा नकाशा देणारी तपासणी म्हणजे आरजीयू, जोडीला एमसीयू. आरजीयूमध्ये छिद्रातून औषध सोडून एक्स-रे काढतात. एमसीयूमध्ये मूत्राशय भरून लघवी करताना फोटो घेतात. एकाने स्ट्रिक्चरचं पुढचं टोक कळतं, दुसऱ्याने मागचं. हा एक्स-रे चुकीच्या पद्धतीने काढलेला बऱ्याचदा दिसतो. रुग्णाला साधारण ४५ अंशांत तिरपं झोपवून, शिश्न ताणून फोटो काढायला हवा. सरळ पाठीवर झोपवून काढला तर बल्बर भाग एकावर एक येतो आणि पाच सेंटिमीटरचं स्ट्रिक्चर दोनचं दिसतं. मग तयारी एका छोट्या तुकड्याची आणि टेबलावर गरज मोठ्याची, असं होतं. रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडी सांभाळून ठेवा; सर्जनला रिपोर्टच्या ओळीपेक्षा चित्र हवं असतं.

आधी कॅथेटर काढून पोटातून नळी का घातली?

कॅथेटर घातलेली किंवा नुकतीच कापलेली नळी ताणलेली असते. खराब भाग तात्पुरता बरा दिसतो. अशा वेळी मोजमाप केलं तर स्ट्रिक्चरचा काही भाग सुटतो आणि तिथेच ते परत येतं. म्हणून बेंबीखाली, मूत्राशयात थेट नळी घालतात (एसपीसी) आणि मूत्रनलिकेला सहा आठवडे ते तीन महिने विश्रांती देतात. या काळात आवळायचं ते आवळून घेतं, सूज उतरते, आणि खरी लांबी समोर येते. पोटातली नळी कंटाळवाणी आहे, पण ती घाईने काढून घेऊ नका.

गालातून तुकडा कसा काढतात?

पूर्ण भूल देतात. श्वासनळीची नळी बहुधा नाकातून घालतात, म्हणजे तोंड मोकळं राहतं. अनेक ठिकाणी दोन गट एकाच वेळी काम करतात, एक तोंडाकडे, एक खाली. दोघांची हत्यारं, हातमोजे आणि ट्रे वेगळे असतात. त्यांची सरमिसळ होऊ देत नाहीत.

वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात लाळग्रंथीचं तोंड असतं. आधी ते शोधून खूण करतात आणि ग्राफ्टची वरची कड त्याच्या निदान एक सेंटिमीटर खाली ठेवतात. पुढची कड ओठाच्या काठापासून दीड सेंटिमीटर आत ठेवतात, नाहीतर ओठ ओढला जातो. मग अॅड्रेनलिन मिसळलेलं बधिरतेचं औषध अस्तराखाली टोचतात. त्याने रक्तस्राव कमी होतो आणि अस्तर स्नायूपासून सुटं होतं. तुकडा लंबगोल असतो. एका गालातून साधारण चार ते सहा सेंटिमीटर लांब आणि दोन-अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा मिळतो. गालाच्या स्नायूला धक्का लागू द्यायचा नसतो. खोल गेलं की सूज, दुखणं आणि पुढची ओढ वाढते. जखम अरुंद असेल तर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात; रुंद असेल तर उघडी ठेवलेलीही चालते, तिच्यावर आपोआप नवं अस्तर येतं.

काढलेला तुकडा बोर्डावर ताणून त्याच्या मागची चरबी आणि स्नायूचे धागे बारीक कात्रीने काढून टाकतात. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण चरबी राहिली तर त्याखाली रक्त पोहोचत नाही.

तो नळीत बसवतात कसा?

अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामध्ये उभा छेद घेऊन नळीपर्यंत पोहोचतात. नळीत निळं रंगद्रव्य सोडतात. त्याने अस्तर रंगतं आणि फट कुठे आहे ते दिसतं. मग आवळलेला भाग लांबीत उघडतात. नळी तोडून बाजूला काढत नाहीत. तिची अरुंद पट्टी तशीच ठेवून उघड्या बाजूला गालाचं अस्तर बसवतात, म्हणजे घेर वाढतो. उघडताना दोन्ही टोकांना निरोगी भागात निदान एक सेंटिमीटर पुढे जातात.

तुकडा कुठल्या बाजूला बसवायचा यावर पद्धती ठरतात. वरच्या बाजूला (डॉर्सल) बसवला तर मागे ताठरतेच्या स्तंभांचा टणक आधार मिळतो आणि तुकडा फुगत नाही. खालच्या बाजूला (व्हेंट्रल) बसवणं सोपं पडतं, पण तिथे स्पंजाचं जाड आवरण हवं; नसेल तर पुढे फुगवटा होऊन लघवी साठते. म्हणून व्हेंट्रल पद्धत मागच्या बल्बर भागासाठी ठीक, शिश्नात नको. असोपा पद्धतीत नळी खालून उघडतात, आतून वरच्या भिंतीला चीर देतात आणि तुकडा त्या चिरेत बसवतात. नळी तिच्या जागेवरून सोडवावीच लागत नाही.

कुलकर्णी पद्धत संपूर्ण पुढची नळी आवळलेली असते तेव्हा विशेष उपयोगी पडते. नळी फक्त एका बाजूने सोडवतात. दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसा तशाच राहतात. शिश्न आतून उलटवून त्याच खालच्या छेदातून बाहेर आणतात, त्यामुळे शिश्नावर वेगळा काप लागत नाही. दोन गालांचे दोन तुकडे एकापुढे एक लावून छिद्रापासून बल्बरच्या टोकापर्यंतची नळी एकाच वेळी दुरुस्त होते. शेवटी १४ किंवा १६ फ्रेंचचा सिलिकॉन कॅथेटर ठेवून नळी बंद करतात. एकूण वेळ लांबीनुसार दोन ते चार तास.

कापून आणलेला तुकडा जगतो कसा?

पहिले दोन दिवस त्याला स्वतःचं रक्त नसतं. खालच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो तगून राहतो. पुढच्या दोन दिवसांत खालच्या आणि तुकड्यातल्या केशवाहिन्या एकमेकींना जुळतात. लावणीच्या रोपाला हलवलं तर मूळ धरत नाही, तसंच इथे. तुकड्याखाली रक्त साठलं, तो सरकला किंवा खालची जागाच व्रणाने भरलेली असली तर तो वाळतो. याच कारणाने तुकडा मधोमध अनेक बारीक टाक्यांनी खालच्या जागेला टाचतात, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत चालणं हळू, उकिडवं बसणं बंद.

माझं ऑपरेशन दोन टप्प्यांत का सांगितलं?

जागा खराब असेल तर. हायपोस्पेडियसची फसलेली ऑपरेशनं, पू, फिस्टुला (बाजूने छिद्र पडून लघवी येणं), किंवा नळीची पट्टीच शिल्लक नसणं, अशा वेळी पहिल्या टप्प्यात खराब भाग काढून तिथे गालाचं अस्तर पसरून ठेवतात. लघवी काही महिने शिश्नाच्या खालच्या नव्या छिद्रातून होते. बसून करावी लागते. अस्तर मऊ आणि गुलाबी झालं की, सहसा सहा महिन्यांनंतर, त्याची नळी वळवतात. क्वचित मधेच आणखी एक तुकडा लावावा लागतो. हा काळ मनाला जड जातो हे खरं आहे, तरी घाईने एका टप्प्यात उरकलेली दुरुस्ती फसली तर त्यानंतर हाती फार कमी उरतं.

अपघातात कमरेचं हाड मोडून नळी तुटली. तिथेही गाल लागेल का?

बहुधा नाही. त्या इजेत नळी प्रोस्टेटच्या खाली तुटून दोन टोकं लांब गेलेली असतात. मधला व्रण काढून टोकाला टोक जोडतात. बल्बर भागात मार लागून झालेलं छोटं आणि पूर्ण बंद स्ट्रिक्चरही असंच जोडता येतं.

तोंड किती दिवस दुखतं? खायचं काय?

पहिले दोन-तीन दिवस गाल सुजतो आणि बऱ्याच जणांना खालच्या जखमेपेक्षा तोंडच जास्त दुखतं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, थंड दूध, ताक, शहाळं. दुसऱ्या दिवसापासून गार केलेली पेज, नाचणीची आंबील, मऊ वरण-भात, केळं. गरम चहा, तिखट रस्सा, लोणचं, कडक भाकरी, चिवडा, फरसाण निदान दोन आठवडे नको. प्रत्येक खाण्यानंतर क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणाने हलक्या चुळा भरा. ही सवय ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू करतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिवसातून अनेकदा तोंड सावकाश पूर्ण उघडा. दुखतं म्हणून तोंड मिटून ठेवलं की व्रण आखडतो आणि नंतर उघडायला त्रास होतो. गालात बधिरपणा आणि ओढ काही आठवडे, कधी काही महिने राहते; बहुतेकांची जाते.

कॅथेटर किती दिवस? घरी काय सांभाळायचं?

सहसा तीन आठवडे, लांब दुरुस्तीत चार. घरी जाणं दोन-चार दिवसांत होतं. कॅथेटर पोटावर किंवा मांडीवर चिकटपट्टीने बांधून ठेवा, तो ओढला जाता कामा नये. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. पाणी भरपूर, दिवसाला अडीच-तीन लिटर, डॉक्टरांनी कमी सांगितलं नसेल तर. छिद्राशी जमणारा चिकट स्राव साध्या पाण्याने पुसा. मूत्राशय आकसून कळ येते आणि कॅथेटरच्या बाजूने लघवी गळते. त्यासाठी गोळी असते, ती मागून घ्या. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कॅथेटर चुकून निघाला किंवा बंद पडला तर जवळच्या दवाखान्यात कोणालाही नवा घालू देऊ नका. नवीन जोडावर आंधळेपणाने घातलेली नळी ग्राफ्ट फाडते. पोटातली नळी असेल तर ती उघडी सोडा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा.

कॅथेटर काढताना एक्स-रे का?

कॅथेटरच्या बाजूने औषध सोडून गळती आहे का ते पाहतात. गळत असेल तर कॅथेटर आणखी एक-दोन आठवडे ठेवतात. बऱ्याचदा एवढ्यात भरून येतं. काढल्यावर पहिल्या काही वेळा जळजळ होते. पोटातली नळी असल्यास ती लगेच काढत नाहीत, धार बघून काढतात. दुचाकी आणि सायकल तीन महिने नको. जड ओझंही सहा आठवडे टाळा.

काय बिघडू शकतं?

लवकरच्या काळात: रक्तस्राव, अंडकोशाची सूज, जखमेत पू, ऑपरेशनच्या वेळी पाय उंच बांधून ठेवल्यामुळे पावलाला तात्पुरत्या मुंग्या. ऑपरेशन फार लांबलं तर पोटरीत दाब वाढून गंभीर इजा होऊ शकते, म्हणून लांब ऑपरेशनमध्ये पाय अधूनमधून खाली घेतात. तोंडात: गाठ, लाळेच्या मार्गाला इजा, तोंड कमी उघडणं.

नंतरच्या काळात सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे लघवीनंतर थेंब पडणं. नळी रुंद झाली तरी दुरुस्त केलेला भाग आकुंचन पावत नाही, त्यात थोडी लघवी राहते. अंडकोशाच्या मागे बोटांनी दाबत पुढे सारा, ती निघून जाते. फिस्टुला पेनाइल भागात जास्त होतो.

पुन्हा आवळलंच तर बहुतेक वेळा ग्राफ्टच्या टोकाशी, विशेषतः मागच्या टोकाशी, कड्यासारखं आवळतं. असं छोटं कडं दुर्बिणीतून एकदा कापून सुटू शकतं.

लैंगिक आयुष्यावर परिणाम होतो का?

काही जणांची ताठरता सुरुवातीला कमी होते आणि बहुतेकांची सहा महिन्यांच्या आसपास परत येते. वीर्य जोराने न येता ओघळल्यासारखं येऊ शकतं. शुक्राणू तयार होण्यावर या ऑपरेशनचा परिणाम होत नाही. संबंध साधारण सहा आठवडे ते तीन महिने थांबवा. नेमकी मुदत सर्जन सांगतील. झोपेत येणारी ताठरता पहिल्या दिवसांत टाक्यांना दुखवते, त्यासाठीही औषध असतं. लाज न बाळगता मागा. ऑपरेशनआधीची स्थिती कशी होती हे आधीच नोंदवून ठेवलं तर नंतर तुलना करता येते.

यश किती?

बल्बर भागात चांगल्या हाती साधारण ८५ ते ९० टक्के. शिश्नात, लायकेन स्क्लेरोससमध्ये आणि आधी फसलेल्या ऑपरेशननंतर कमी. संपूर्ण नळी आवळलेल्या ११७ पुरुषांवरचा पुण्याचा अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी लांबी १४ सेंटिमीटर असूनही यश सुमारे ८४ टक्के होतं. त्यातही पहिल्यांदाच युरेथ्रोप्लास्टी झालेल्यांचं सुमारे ८६ टक्के, तर आधीची युरेथ्रोप्लास्टी फसलेल्यांचं सुमारे ६१ टक्के. हा फरक सर्जन निवडताना लक्षात ठेवा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

नंतर किती दिवस दाखवायला यायचं?

३, ६ आणि १२ महिन्यांनी युरोफ्लो, पुढे वर्षातून एकदा. पहिल्या वर्षात एकदा दुर्बिणीने किंवा आरजीयूने आतून पाहतात. परत होणारी बरीच स्ट्रिक्चर पहिल्या दोन वर्षांत दिसतात, पण उशिरा होणारीही असतात. धार चांगली आहे म्हणून येणं सोडू नका. सुरुवातीला सांगितलं तसं, अरुंदपणा बराच वाढेपर्यंत धार फसवते.

स्त्रियांनाही हे ऑपरेशन करतात का?

हो. स्त्रियांची मूत्रनलिका चारेक सेंटिमीटरचीच असते आणि त्यांच्यात खरं स्ट्रिक्चर कमी आढळतं, पण असतं. ‘वारंवार युरिन इन्फेक्शन’ या नावाखाली वर्षानुवर्षं नळी रुंद केल्या जाणाऱ्या काही बायकांचा मूळ आजार हाच असतो. गालाच्या अस्तराचा लहान तुकडा वर किंवा खाली बसवतात. लघवी रोखणारा स्नायू अगदी जवळ असल्यामुळे हे काम अनुभवी हातातच असावं.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमध्ये युरेथ्रोप्लास्टीची पॅकेजेस आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार, आरजीयूची फिल्म आणि युरोफ्लोचा कागद दाखवा. मंजुरीला तपासण्यांचे पुरावे लागतात. दोन टप्प्यांचं ऑपरेशन असेल तर दोन्ही टप्प्यांची मंजुरी वेगवेगळी असते का, हे पहिल्या टप्प्याआधीच विचारा.

पुढे कधी दुसऱ्या आजारासाठी कॅथेटर घालायची वेळ आली तर?

हृदयाचं, गुडघ्याचं, हर्नियाचं, कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्यांना आणि सर्जनला आधी सांगा की मूत्रनलिकेची ग्राफ्टने दुरुस्ती झाली आहे. गरज असेल तर बारीक, १२ किंवा १४ फ्रेंचचा सिलिकॉन कॅथेटर भरपूर जेली लावून हलक्या हाताने घालतात. अडलं तर जोर न लावता युरॉलॉजिस्टला बोलावतात आणि दुर्बिणीने पाहून घालतात. ऑपरेशनची तारीख, कुठल्या भागात, कोणत्या पद्धतीने आणि किती लांबीचा ग्राफ्ट बसवला, एवढी नोंद डिस्चार्ज कार्डवर नसेल तर लिहून घ्या. त्याची प्रत पाकिटात आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा.